कुत्रा पाळणारे भाडेकरू आणि जातींवरची बंदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाड्याच्या घरात कुत्रा सांभाळणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. केंद्राचे कायदे देशभर सारखे आहेत. भाडेकरार आणि हाउसिंग सोसायटीबद्दलची उत्तरं मात्र महाराष्ट्रातले कायदे धरून लिहिली आहेत. ‘तुमच्या कुत्र्यावर बंदी आहे’ हे वाक्य ऐकून घाबरलेली माणसं रोज भेटतात. त्यांच्यापैकी बहुतेकांचा खरा प्रश्न भाडेकराराच्या कागदात असतो, म्हणून कराराबद्दलची उत्तरं जास्त सविस्तर दिली आहेत.

१. सरकारने २३ जातींच्या कुत्र्यांवर बंदी घातली आहे ना? मग माझा रॉटवायलर बेकायदेशीर ठरतो का?

नाही. केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने १२ मार्च २०२४ रोजी सगळ्या राज्यांच्या मुख्य सचिवांना एक पत्र पाठवलं होतं. हिंस्र समजल्या जाणाऱ्या २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी, त्यांना परवाने देऊ नयेत आणि जे कुत्रे आधीपासून लोकांच्या घरी आहेत त्यांची नसबंदी करावी, असं त्यात म्हटलं होतं. घरातले कुत्रे काढून घ्या किंवा मारा, असं त्या पत्रातही कुठे नव्हतं. व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या मेसेजमध्ये नेमकं हेच वगळलेलं असतं.

पुढे १० एप्रिल २०२४ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं नाही आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या आणि त्याखालच्या नियमांच्या चौकटीबाहेर जाऊन हे केलं, ही त्यामागची मुख्य कारणं होती. सगळ्यांशी सल्लामसलत करून नियमांत रीतसर दुरुस्ती करण्याची मुभा न्यायालयाने सरकारला ठेवली. त्यानंतर केंद्राने जाहीर सूचना काढून लोकांकडून हरकती मागवल्या. म्हणून कुणी ‘२३ जातींची बंदी’ म्हणालं, की कोणत्या तारखेच्या, कोणत्या नियमाबद्दल बोलताय, हे आधी विचारा.

२. त्या यादीत नेमक्या कोणत्या जाती होत्या? डॉबरमन आणि जर्मन शेफर्ड होते का?

हे दोन्ही नव्हते. लॅब्राडोरही नव्हता. पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, अमेरिकन बुलडॉग, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो, केन कोर्सो, बोअरबोएल, तोसा इनू, अकिता, कांगाल, अकबाश, कॉकेशियन, मध्य आशियाई आणि दक्षिण रशियन शेफर्ड, टोर्नयाक, सारप्लानिनाक, कनारियो, ऱ्होडेशियन रिजबॅक, मॉस्को गार्ड डॉग, वुल्फ डॉग आणि बॅनडॉग ही त्यातली नावं. त्यांचे संकरही यादीत धरले होते.

ही यादी स्वतः वाचून पाहा, म्हणजे ती किती घाईत केली होती ते कळेल. तोसा त्यात दोनदा आहे, एकदा ‘तोसा इनू’ म्हणून आणि एकदा ‘जपानी तोसा’ म्हणून. बोअरबोएल एकदा स्वतंत्र आहे, आणि पुन्हा मॅस्टिफच्या कंसात आहे. एका ठिकाणी तर नुसतं ‘टेरियर्स’ एवढंच लिहिलंय. टेरियर हा कुत्र्यांचा अख्खा गट आहे. शब्दशः घेतलं तर मांडीवर मावणारा यॉर्कशायर टेरियरही त्यात येतो. अशा कागदावर एखाद्या कुटुंबाचं घर अवलंबून असावं हे आम्हाला मान्य नाही.

३. निकाल कर्नाटकचा आहे. तो महाराष्ट्रात चालतो का?

केंद्राचा एखादा आदेश एका उच्च न्यायालयाने रद्द केला, तर त्याचा परिणाम राज्याच्या सीमेवर थांबतो का, हा जुना वाद आहे. ‘कुसुम इंगॉट्स’ प्रकरणात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने असं निरीक्षण नोंदवलं, की केंद्रीय कायद्याच्या घटनात्मकतेवर उच्च न्यायालयाने दिलेला आदेश, त्या कायद्याच्या व्याप्तीप्रमाणे, देशभर परिणाम करतो. परिपत्रकालाही तेच लागू होतं, असं तुमचा वकील मांडू शकतो. शिवाय रद्द झालेल्या परिपत्रकाच्या जोरावर सोसायटीच्या सेक्रेटरीने स्वतःच अंमलबजावणी करावी, असा अधिकार त्याला त्या पत्राने कधी दिलाच नव्हता. पत्र राज्य सरकारांना लिहिलेलं होतं.

४. मग काही शहरांत बंदी आहे असं वाचतो ते खोटं का?

खोटं नाही. गाझियाबाद महापालिकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळण्यावर बंदी घातली. कानपूरनेही त्याच सुमाराला पिटबुल आणि रॉटवायलरबाबत तसाच निर्णय घेतला. हे स्थानिक स्वराज्य संस्थेचे निर्णय आहेत आणि ते त्या त्या हद्दीपुरते लागू असतात. कुत्र्याचा परवाना देणं हे महापालिकेचं काम असल्यामुळे तिच्या अटी तुम्हाला पाळाव्या लागतात.

बदली होऊन दुसऱ्या शहरात जाणार असाल, तर टेम्पो ठरवण्याआधी तिथल्या महापालिकेचे कुत्र्यांबाबतचे उपविधी पाहा आणि परवाना विभागाकडून लेखी उत्तर घ्या. ब्रोकर, पेट शॉपवाला किंवा इंटरनेटवरची जुनी यादी यांच्यावर विसंबू नका. आपल्याकडे मुंबई आणि पुणे महापालिका कुत्र्याचा परवाना देतात आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. हा परवाना आधी काढा. पुढे वाद झाला तर सर्वांत आधी तोच विचारला जातो.

५. माझा कुत्रा मिश्र जातीचा आहे. सोसायटी म्हणते तो पिटबुल आहे. हे कोण ठरवणार?

सोसायटी नक्कीच नाही. रुंद डोकं, आखूड केस आणि भरलेली छाती पाहिली की लोक पिटबुल म्हणून मोकळे होतात. नुसत्या रूपावरून जात ओळखण्यात पशुवैद्यही चुकतात. आपल्याकडे कागदपत्रांशिवाय विकलेली पिल्लं आणि रस्त्यावरून आणलेले संकर इतके आहेत, की अनेकांची जात सिद्ध करण्याचा मार्गच नसतो.

तुमच्या पशुवैद्याकडून लेटरहेडवर एक पत्र घ्या. त्यात कुत्र्याचं वर्णन, वय, वजन, लसीकरण, नसबंदी झाली असल्यास तिची तारीख आणि तपासणीच्या वेळचं वागणं हे सगळं येऊ द्या. जात माहीत नसेल तर ‘मिश्र जात’ असंच लिहून घ्या. मोठ्या जातीचं नाव मिरवायला म्हणून लसीच्या पुस्तिकेत ‘पिटबुल क्रॉस’ लिहून घेणारे मालक आम्ही पाहिले आहेत. तोच शब्द पुढे त्यांच्या विरोधात वापरला जातो.

६. पण जातीवर बंदी घातली तर चावण्याचे प्रकार कमी होतात ना?

जगात हा प्रयोग झालेला आहे. ब्रिटनने १९९१ मध्ये डेंजरस डॉग्ज अॅक्ट आणून पिटबुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी घातली. तीस वर्षांहून अधिक काळानंतर त्याच देशाला ‘एक्सएल बुली’ हा नवा प्रकार यादीत घालावा लागला. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ फेब्रुवारी २०२४ पासून सवलतीच्या दाखल्याशिवाय तो पाळणं गुन्हा आहे. नेदरलँड्सने पिटबुलवरची बंदी २००८ मध्ये उठवली. इटलीनेही २००९ मध्ये जातींची यादी बाजूला ठेवून मालकाच्या जबाबदारीवर भर दिला.

मोठ्या, ताकदवान कुत्र्याचा चावा जास्त गंभीर असतो, हे कुणी नाकारू नये. अशा कुत्र्याच्या मालकाची जबाबदारीही त्याच प्रमाणात मोठी असते. पण दिवसभर बाल्कनीत बांधून ठेवलेला, माणसांची सवय न लावलेला, राखण म्हणून चिडवून वाढवलेला कुत्रा कुठल्याही जातीचा असला तरी धोकादायक होतो. जातीवरची बंदी अशा मालकाला हात लावत नाही, तो दुसऱ्या जातीचं पिल्लू आणतो. प्रत्येक कुत्र्याची नोंदणी, पैदास करणाऱ्यांवर खरी देखरेख आणि निष्काळजी मालकावर कारवाई, हे मार्ग आम्हाला जास्त पटतात.

७. घरमालक ‘कुत्रा असेल तर घर देणार नाही’ असं म्हणू शकतो का?

म्हणू शकतो. कुत्रा आहे म्हणून घर नाकारायला खासगी घरमालकाला मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. अमुक जात चालेल, तमुक चालणार नाही, अशीही अट तो घालू शकतो. लोकांची इथे मोठी गफलत होते. सोसायटीला कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही (प्रश्न ११ पाहा), म्हणून घरमालकालाही येत नाही, असं ते गृहीत धरतात. घर त्याचं आहे आणि करार होण्याआधी नकार देण्याचा हक्क त्याला आहे.

त्यामुळे घर बघायला जातानाच कुत्र्याबद्दल सांगा. लपवून आत शिरलात तर पहिल्या आठवड्यात वॉचमनकडून कळतंच, आणि मग वाद कुत्र्यावरून सुरू होऊन तुमच्या खोटेपणावर जातो.

८. करारात कुत्र्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. मग परवानगी आहे असं समजू का?

स्पष्ट मनाई नाही, एवढंच म्हणता येईल. घर राहण्यासाठी घेतलंय आणि कुत्रा पाळणं हा राहण्याचाच भाग आहे, हा मुद्दा तुमच्या बाजूने आहे. पण कराराच्या छापील मजकुरात तीन वाक्यं जवळपास नेहमी असतात. शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं काही करायचं नाही, सोसायटीचे नियम पाळायचे, आणि महिनाभराची नोटीस देऊन कोणत्याही बाजूला करार संपवता येईल. घरमालकाला कुत्रा नकोसा झाला तर तो कुत्र्याचं नावही न घेता या तिसऱ्या वाक्याचा आधार घेतो. म्हणून लॉक-इन कालावधी (ज्या काळात करार मध्येच मोडता येत नाही) किती आहे आणि तो दोघांनाही बांधतो की फक्त तुम्हाला, हे सहीआधी वाचा.

९. करारात नेमकं काय लिहून घ्यावं?

कुत्र्याचं नाव, वर्णन आणि जबाबदारीची वाटणी, एवढं तरी हवंच. मजकूर असा ठेवता येईल (लायसन्सर म्हणजे घरमालक, लायसन्सी म्हणजे तुम्ही):

‘लायसन्सीसोबत शेरू नावाचा, तपकिरी रंगाचा, मिश्र जातीचा, अंदाजे चार वर्षांचा एक नर कुत्रा सदर जागेत राहील, याची लायसन्सरला पूर्ण माहिती असून त्यास लायसन्सरची संमती आहे. कुत्र्याचा परवाना व रेबीजची लस चालू ठेवण्याची जबाबदारी लायसन्सीची राहील. कुत्र्यामुळे जागेचे नुकसान झाल्यास प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च, बिल दाखवून, अनामत रकमेतून वळता करता येईल. केवळ कुत्रा पाळल्याच्या कारणावरून कराराची मुदत संपण्यापूर्वी करार रद्द करता येणार नाही.’

शेवटच्या वाक्याला घरमालक अडतात, आणि भाडेकरूला खरं संरक्षण तेच वाक्य देतं. त्यावर बोलणी करा. हवं तर त्याबदल्यात थोडी जास्त अनामत कबूल करा किंवा घर सोडताना डीप क्लीनिंग करून द्यायची तयारी दाखवा. ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्या एजंटकडे ठरलेला नमुना असतो आणि तो बदलायला तो कुरकुरतो. जादा अटींमध्ये हा मजकूर टाकायला सांगा आणि अंगठा लावण्याआधी मसुदा पुन्हा वाचा. व्हॉट्सअॅपवर ‘हो हो, काही प्रॉब्लेम नाही’ म्हणणारे घरमालक वाईट असतात असं नाही, पण घर त्यांच्या मुलाकडे किंवा नव्या खरेदीदाराकडे गेलं की तो शब्द कुणाला आठवत नाही.

१०. आमचा करार नोंदवलेलाच नाही. घरमालक आता म्हणतो, ‘कुत्रा नको असं मी सुरुवातीलाच सांगितलं होतं.’

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ इथे तुमच्या कामाचं आहे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी त्या कलमाने घरमालकावर टाकली आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदवलेला लेखी करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं असल्याचं सिद्ध करणं समोरच्यावर असतं. कुत्रा चालेल असं ठरलं होतं, असं तुम्ही प्रामाणिकपणे म्हणत असाल, तर ते खोडून काढण्याचा भार घरमालकावर येतो. सुरुवातीचे मेसेज, कुत्र्यासकट घर बघायला गेल्याचे फोटो, ब्रोकरशी झालेलं बोलणं, सगळं जपून ठेवा.

११. सोसायटीच्या सभेने ठराव केलाय की भाडेकरूंनी कुत्रे पाळायचे नाहीत. आम्हाला घर सोडावं लागेल का?

असा ठराव टिकण्यासारखा नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी सोसायट्या आणि रहिवासी संघांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सगळ्या सभासदांचं एकमत झालं तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, देशाच्या कायद्याशी विसंगत उपविधी सभेला करता येत नाहीत, कुत्र्याची जात किंवा आकार पाहून भेद करता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. हे मंडळ १९६० च्या कायद्याच्या कलम ४ खाली स्थापन झालेलं आहे. मात्र त्याच्या सूचना म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा नव्हे आणि त्या मोडल्या म्हणून ठरावीक शिक्षा नाही.

न्यायालयाचं पाठबळ पाहायचं तर केरळ उच्च न्यायालयाचा २०२१ चा ‘पीपल फॉर अॅनिमल्स’ निकाल दाखवा. पाळीव प्राणी ठेवायला मनाई करणारे रहिवासी संघाचे नियम आणि नोटिसा बेकायदेशीर आणि अंमलात न आणण्याजोग्या आहेत, असं त्यात म्हटलंय. इतर रहिवाशांच्या सोयीसाठी वाजवी अटी घालता येतात, हेही त्याच निकालात आहे. महाराष्ट्रातल्या न्यायालयांना तो बंधनकारक नाही, पण विचारात घेण्याजोगा आहे.

फक्त भाडेकरूंना बंदी हा प्रकार तर आणखी लंगडा आहे. मालकाचा कुत्रा चालतो आणि भाडेकरूचा चालत नाही, याला आरोग्याचं किंवा सुरक्षिततेचं काय कारण देणार? आदर्श उपविधींनुसार घर भाड्याने देताना सभासदाने आठ दिवस आधी सोसायटीला कळवायचं असतं, सोसायटीची परवानगी मागायची नसते. ‘कुत्रा असल्यामुळे एनओसी देणार नाही’ या वाक्याचा पायाच त्यामुळे ढासळतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. सोसायटी तुम्हाला थेट काढत नाही, ती घरमालकावर दबाव आणते. घरमालक वैतागून करार संपवतो. म्हणून या सूचनांची प्रत पहिल्यांदा घरमालकाच्या हातात द्या.

१२. लिफ्ट बंद, बाग बंद, मुसकं सक्तीचं, वर महिना पाचशे रुपये ‘डॉग चार्ज’. हे चालतं का?

लिफ्ट पूर्ण बंद करता येत नाही. एकापेक्षा जास्त लिफ्ट चालू असतील तर त्यांपैकी एक कुत्र्यांसाठी ठरवता येते. बागेत कायमची बंदी घालता येत नाही, वेळा ठरवता येतात. मुसक्याची सक्ती सोसायटी स्वतःहून करू शकत नाही, असं मंडळाच्या सूचना म्हणतात, पण महापालिकेच्या नियमात ते असेल तर घालावंच लागेल. पट्टा मात्र प्रत्येक वेळी हवाच. ‘आमचा काही करत नाही’ हे लिफ्टमध्ये कोपऱ्यात अंग चोरून उभ्या असलेल्या मुलाला सांगून उपयोग नसतो. त्याला जाऊ द्या, तुम्ही पुढच्या फेरीने जा.

जादा आकार फक्त कुत्रेवाल्यांकडून घेता येत नाही. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी सभासदाकडून जो बिनभोगवटा आकार घेते, त्यालाही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. तुमच्याकडून मागितलेले पैसे कशाचे, याची पावती मागा. आणि शी उचलायला पिशवी घेऊनच खाली उतरा. कायद्याने दंड लागतो की नाही, हा प्रश्नच येऊ देऊ नका.

१३. माझा कुत्रा मी ऑफिसला गेल्यावर भुंकतो. शेजाऱ्यांनी लेखी तक्रार दिली आहे.

भुंकणं ही कुत्र्याची नैसर्गिक अभिव्यक्ती आहे आणि त्यावरून बंदी घालता येत नाही, असं मंडळ म्हणतं. पण रात्री तो शांत राहावा यासाठी मालकाने प्रयत्न करावेत, असंही सांगतं. भाडेकरू म्हणून तुमची बाजू इथे सगळ्यात कच्ची असते, कारण शेजाऱ्यांना उपद्रव हे जागा खाली करून घेण्याचं कायदेशीर कारण आहे (प्रश्न १५ पाहा).

तक्रारीला उत्तर द्या, भांडण नको. दोन दिवस फोन घरात ठेवून रेकॉर्डिंग करा, कधी आणि कशाने भुंकतो ते कळेल. दार वाजलं की भुंकणारा कुत्रा आणि एकटेपणाने तासन्‌तास रडणारा कुत्रा यांच्यावरचे उपाय वेगळे आहेत. दुसऱ्या प्रकारात पशुवैद्याला दाखवा, सकाळी भरपूर फिरवा, दुपारी कुणीतरी येईल अशी सोय करा. केलेले उपाय शेजाऱ्यांना आणि कमिटीला लेखी कळवा. कुत्रा दिवसभर साखळीने बांधून ठेवणं हा उपाय नाही. अवाजवी वेळ आखूड साखळीला बांधून ठेवणं १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

१४. घरमालक म्हणतो, ‘आठ दिवसांत कुत्रा काढा नाहीतर सामान बाहेर टाकतो.’

सामान बाहेर टाकण्याचा अधिकार त्याला नाही. लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर आधी करारातली नोटीस द्यावी लागते. मुदत संपल्यावर किंवा करार रीतसर संपवल्यावर तुम्ही जागा सोडली नाही, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करणं हा त्याचा मार्ग आहे. तसं झालं तर मुदतीनंतरच्या काळासाठी तुम्हाला दुप्पट शुल्क भरावं लागू शकतं, म्हणून मुदत संपल्यावर हट्टाने राहू नका.

करार आधीच रद्द करायचा तर कारण आणि कलम लेखी मागा. करारात ‘पाळीव प्राणी नको’ असं लिहिलं असूनही तुम्ही कुत्रा आणला असेल, तर अट तुम्ही मोडली आहे. मग हक्कांची भाषा सोडून घर शोधायला पुरेसा वेळ मागून घ्या. धमकी, वीज किंवा पाणी तोडणं, कुलूप बदलणं असं काही झालं तर ११२ वर फोन करा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.

१५. आमची पागडीची खोली आहे, तीन पिढ्या राहतो. आम्हालाही कुत्र्यावरून काढता येईल का?

तुमचं संरक्षण लायसन्सीपेक्षा खूप मजबूत आहे. भाडं भरत असाल आणि अटी पाळत असाल तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे मालकाला जागा परत मागता येत नाही. कलम १६ मध्ये जी मोजकी कारणं दिली आहेत त्यांत शेजाऱ्यांना होणारा उपद्रव किंवा त्रास हे एक आहे. नुसता कुत्रा असणं म्हणजे उपद्रव नव्हे, तो न्यायालयात सिद्ध करावा लागतो. योग्य कारणाशिवाय वीज, पाण्यासारख्या आवश्यक सेवा तोडायला कलम २९ ची मनाई आहे.

१६. माझा कुत्रा शेजाऱ्याला चावला. आता घर गेलंच का?

घराचा विचार नंतर. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्यांना लगेच दवाखान्यात घेऊन जा. कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी डॉक्टरचा सल्ला टाळू नका. खर्च तुम्ही करा. कुत्र्याला दहा दिवस घरात नजरेखाली ठेवा आणि पशुवैद्याकडून तशी नोंद करून घ्या.

भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पट्टा होता का, लस होती का, आधी असं घडलं होतं का, यावर पुढचं बरंच ठरतं. एका चाव्यावरून करार आपोआप संपत नाही, पण उपद्रवाच्या कलमाला बळ मिळतं. तुम्ही पहिल्या तासात कसे वागलात हे शेजारी विसरत नाहीत. कमिटीसमोर बाजू घेणारा शेजारीच असतो.

१७. सगळे म्हणतात, नवीन घर मिळेपर्यंत कुत्र्याला शेल्टरला किंवा गावाबाहेर सोडा.

गावाबाहेर सोडणं हा गुन्हा आहे. वाजवी कारणाशिवाय प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणं १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये बसतं. पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त दहा ते पन्नास रुपये आहे, ही त्या जुन्या कायद्याची लाज वाटावी अशी बाजू आहे. दंड किरकोळ असला तरी कुत्र्याचं काय होतं ते किरकोळ नसतं. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावरचे कुत्रे हद्दीत घेत नाहीत, त्याला गाड्या कळत नाहीत आणि तो गेटपाशी मालकाची वाट पाहत बसतो.

बहुतेक शेल्टर्स आधीच भरलेली असतात. नातेवाईक, ओळखीचं कुत्रेवालं घर किंवा पैसे देऊन बोर्डिंग, या क्रमाने विचार करा. महिना-दीड महिन्याचं बोर्डिंग महाग वाटेल, पण घाईत घेतलेल्या चुकीच्या घरापेक्षा ते परवडतं.

१८. शेजारी ‘विष घालीन’ म्हणतो. वॉचमन गेटवर अडवतो. तक्रार कुठे करायची?

प्राण्याला विष घालणं, मारणं किंवा जायबंदी करणं यासाठी न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. धमकीचा मेसेज किंवा साक्षीदार असेल तर आजच पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तुमच्याच घरी जाण्यापासून अडवणं कलम १२६ खाली बेकायदेशीर अडवणूक ठरू शकतं.

सोसायटीविरुद्धची तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे जाते आणि वाद सहकार न्यायालयात. इथे अडचण अशी, की तुम्ही सभासद नसता. तक्रार घरमालकाच्या नावाने किंवा त्याच्यासोबत केली तर ती ऐकली जाण्याची शक्यता जास्त. घरमालक पुढे यायला तयार नसेल तर जीवजंतू कल्याण मंडळाला लिहा. मंडळाचं पत्र सोसायटीला आलं की भाषा बदलते, हा अनेकांचा अनुभव आहे.

१९. ऑनलाइन ‘इमोशनल सपोर्ट डॉग’चं प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवलं की घरमालकाला नाही म्हणता येत नाही, खरं का?

नाही. ही कल्पना अमेरिकेतल्या घरभाड्याच्या नियमांतून आली आहे. आपल्याकडे अशा प्रमाणपत्राला भाडेकरारात वेगळं कायदेशीर स्थान नाही. त्यावर पैसे घालवू नका. दृष्टिहीन व्यक्तीसोबतचा प्रशिक्षित मार्गदर्शक कुत्रा ही वेगळी गोष्ट आहे. तिथे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आणि त्यातली भेदभावाविरुद्धची तरतूद पुढे करता येते. असं प्रकरण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागा.

२०. घर सोडलं. घरमालकाने ‘कुत्र्याचा वास येतो’ म्हणून सगळी अनामत ठेवून घेतली.

नुकसान दाखवल्याशिवाय सगळी रक्कम ठेवता येत नाही. दाराच्या चौकटीवरचे ओरखडे, कुरतडलेली पडद्याची पट्टी, डाग पडलेली गादी यांचा दुरुस्तीखर्च बिलासह मागता येतो. वापराने फिका पडलेला रंग नुकसानीत येत नाही. ताबा घेताना आणि देताना प्रत्येक खोलीचा तारखेसह व्हिडिओ काढला असेल तर बोलणं सोपं होतं. आधी लेखी हिशेब मागा, मग वकिलाची नोटीस द्या. करारात प्रश्न ९ मधलं ‘बिल दाखवून’ हे शब्द असतील तर बरीच प्रकरणं नोटिशीवरच मिटतात.